‘शेअर करा, मग देतो’ आणि ‘मी दिलं, तुम्हीही द्या’

सोशल मीडियावर मदतीच्या या दोन्ही प्रकारच्या पोस्ट दिसायला अगदी सारख्या असतात. देणाऱ्याचं नाव, हॅशटॅग, एखादा फोटो आणि खाली ‘पुढे पाठवा’. त्यामुळे लोक एकतर दोघांनाही शाबासकी देतात नाहीतर दोघांनाही शोबाजी म्हणून मोकळे होतात, आणि मला दोन्ही पटत नाही.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण २०११ चं. ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली आणि दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनने ट्विट केलं की प्रत्येक रिट्विटमागे आम्ही भूकंपग्रस्तांना १ डॉलर देऊ, जास्तीत जास्त १ लाख डॉलर. लोक प्रचंड भडकले, की माणसं अजून ढिगाऱ्याखाली आहेत आणि तुम्ही रिट्विट कसले मोजताय, आणि काही तासांतच बिंगने माफी मागून पूर्ण १ लाख डॉलर दिले. म्हणजे पैसे तयार होते, द्यायची इच्छाही होती, मग अट कशाला? रिट्विटमुळे भूकंपग्रस्तांच्या पदरात जास्तीचं काहीच पडत नव्हतं, नाव तेवढं ब्रँडचं पसरत होतं.

आता २०१४ चं आइस बकेट चॅलेंज आठवा. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं किंवा देणगी द्यायची, बरेच जण दोन्ही करायचे, आणि पुढच्यांना आव्हान द्यायचं. दिखावा त्यातही भरपूर होता, नुसतं पाणी ओतून मोकळे झालेलेही खूप होते, पण अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून साधारण ११.५ कोटी डॉलर आले आणि त्यातला मोठा भाग संशोधनाला गेला. त्याच वर्षी हैदराबादच्या एका पत्रकार बाईंनी राइस बकेट चॅलेंज सुरू केलं, बादलीभर तांदूळ गरजूला द्या, फोटो टाका, दुसऱ्याला सांगा. इथेही फोटो आहेच की! पण तांदूळ आधी दिलाय, लाइक किती पडले यावर तो कमीजास्त होत नाही, आणि फोटो बघून आणखी कोणीतरी देतं.

म्हणून मी एकच गोष्ट बघते, कोणीच शेअर केलं नाही तर मदत पोचणार का?

कोणी म्हणेल, कंपन्या तर कायम असंच करतात. हो, १९८३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने कार्डाच्या प्रत्येक वापरामागे १ सेंट आणि नव्या कार्डामागे १ डॉलर स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला दिला, १७ लाख डॉलर जमले. तो उघडउघड धंदा होता, आकडे जाहीर होते, आणि पुतळा काही उपाशी बसला नव्हता, त्यामुळे मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. पण त्याला दान म्हणू नये. आपल्याकडच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नियमांतही २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्ट आहे, स्वतःच्या मालाच्या मार्केटिंगचा फायदा व्हावा म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआर खर्चात धरता येत नाही.

आपण साधी माणसं आणि इन्फ्लुएन्सर मात्र या नियमात येत नाही. ‘५० हजार फॉलोअर झाले की ५० मुलांना दप्तरं’ अशा रील्स बघितल्या की मला खरंच त्रास होतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, फॉलोअर दिवाळीत पूर्ण झाले तर त्या मुलांनी तोवर वह्यापुस्तकं कशात न्यायची? आणि आपण शेअर केलं नाही तर जणू आपणच त्यांचं दप्तर अडवलं, हे ओझं उगाच बघणाऱ्यावर टाकलं जातं, पैसे ज्याच्या खिशात आहेत तो मात्र नामानिराळा.

आता दुसरा प्रकार नेहमी चांगलाच असतो असंही नाही हां. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात प्रशासनाने अन्नवाटपाचे फोटो आणि सेल्फी काढायला बंदीच घातली होती, कारण एका पाकिटाला चार हात आणि समोर मान खाली घालून उभा असलेला माणूस असे फोटो फिरत होते. त्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते, नाही म्हटलं तर पाकीट जाईल ही भीती. म्हणजे अट इथेही आली, फक्त घेणाऱ्यावर. ज्यांना लोकांचे पैसे गोळा केल्यावर हिशोब दाखवायचाय त्यांनी जरूर दाखवावा, पण त्याला किराणा दुकानाचं बिल, संस्थेची पावती, भरलेल्या टेम्पोचा फोटो एवढं पुरतं.