लाल मुंगीची आग आणि चुन्याचं जुनं शास्त्र

मृगाचा पाऊस काळ्या रानात मुरला की लाल मुंग्यांची बिळं बुडतात आणि मुंग्या बांधावर, ढेकळांच्या आडोशाला येतात. मराठवाड्यात खुरपणीला बसलेल्या बायांना त्या हमखास डसतात. मग चुना लावायचा. का, तर मुंगी फॉर्मिक आम्ल सोडते आणि चुना ते मारतो, असं शाळेत गेलेला कुणीही सांगेल. या उत्तराचं मूळ साडेतीनशे वर्षं जुनं आहे आणि लाल मुंगीला ते लागूच पडत नाही.

इंग्लंडातले निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी १६७०-७१ च्या सुमारास मुंग्यांमधून निघणाऱ्या आंबट रसाची नोंद रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केली. पुढे १७४९ मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनज्ञाने ते आम्ल बऱ्यापैकी शुद्ध करून दाखवलं. पण हा रस फॉर्मिसिनी या उपकुळातल्या मुंग्यांचा. त्यांना नांगी नसते. त्या जबड्याने चावतात आणि पोटाच्या टोकातून आम्ल फवारतात. आपला मोठा काळा मुंगळा याच भावकीतला. म्हणजे पाठ्यपुस्तक मुंगळ्यापुरतं खरं!

लाल मुंगीला मात्र नांगी आहे. अंडी घालण्याच्या अवयवाचंच हे बदललेलं रूप, त्यामुळे डसते ती मादीच. कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. भारतात पसरलेली ही लाल मुंगी, शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात अकापुल्को-मनिला मार्गावरच्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात उतरली, असं जनुकीय अभ्यास सांगतो. मिरचीही त्याच खंडातून आली. तिखटाचे दोन्ही प्रकार आपण पदरात घेतले.

या गटातल्या मुंग्यांच्या विषाची रचना १९७० च्या आसपास अमेरिकेत उलगडली. त्यात ९० टक्क्यांहून जास्त भाग सोलेनॉप्सिनसारख्या अल्कलॉइडांचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा निघाला. त्यांच्या रेणूत पिपरिडीनचं कडं असतं, जे काळ्या मिरीच्या पिपरीनमध्येही सापडतं. ही द्रव्यं आम्ल नव्हेत, उलट चुन्यासारखीच अल्कधर्मी. मग तिथे चुना कशाला मारणार? मुंगी जबड्याने कातडी धरते आणि गोल फिरत पुन्हा पुन्हा नांगी मारते. अल्कलॉइडांमुळे तिथल्या पेशी मरतात, कातडीतल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींतून सूज आणणारं हिस्टामिन सुटतं, आग होते आणि साधारण दिवसभरात पांढरा फोड येतो. त्यात पू दिसला तरी सुरुवातीला जंतू नसतात. फोड फोडला तर मात्र आत शिरतात. हेच विष मुंग्या आपल्या पिलांवर शिंपडतात, कारण ते जंतू आणि बुरशी मारतं.

खरा धोका विषातल्या जेमतेम एखाद्या टक्क्याच्या प्रथिनांत आहे. पहिल्या दंशानंतर काहींच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या वेळी अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, रक्तदाब घसरतो. ‘मागच्या साली नुसता फोड आला होता’ या अनुभवावर म्हणून विसंबता येत नाही. नुसता फोड असेल तर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी पुरते. दम लागला तर मात्र चुना-हळदीत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. तिथे पहिलं इंजेक्शन ॲड्रेनालिनचं असतं.