लाल चंद्रकोरींची मॉर्मन: पंख नव्हे, धड बघा

पावसाळा जोर धरू लागला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'दुर्मीळ फुलपाखरू आढळले' ही बातमी ठरलेली. बहुतेक वेळा तो ॲटलास असतो. ॲटलास हा पतंग आहे, फुलपाखरू नव्हे, आणि सह्याद्रीत तो दुर्मीळही नाही. याच दिवसांत बागेतल्या एका काळ्या फुलपाखराचे फोटोही मोबाइलवर फिरू लागतात. मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी, खाली छोटी शेपटी. 'नवीन जात सापडली का?' असा प्रश्न सोबत असतोच. नवीन जात नसते. तुमच्या कढीपत्त्यावरच वाढलेली कॉमन मॉर्मनची मादी असते ती, आणि तिच्या लाल रंगामागची गोष्ट नव्या जातीइतकीच थक्क करणारी आहे.

आधी ओळख. कॉमन मॉर्मनचा नर काळा असतो आणि त्याच्या मागच्या पंखांवर फिकट पिवळसर ठिपक्यांचा आडवा पट्टा असतो. पंख पसरले की रुंदी साधारण 9 ते 10 सेंटिमीटर भरते. मादी मात्र तीन वेषांत येते. पहिली हुबेहूब नरासारखी. दुसरी 'कॉमन रोज' या फुलपाखरासारखी, म्हणजे पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी असलेली. तिसरी 'क्रिमझन रोज'सारखी: पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर फक्त लाल ठिपके.

मग समोर बसलेली खरी रोज की सोंग घेतलेली मॉर्मन, हे ठरवायचं कसं? पंखांकडे बघत बसलात तर फसाल, कारण नक्कल पंखांचीच केलेली आहे. धड बघा. दोन्ही रोजांचं डोकं, छातीची बाजू आणि पोटाचं टोक लालभडक असतं. मॉर्मनचं धड काळं, त्यावर लालाचा मागमूस नसतो. एवढी एक खूण पुरते. नेमकी तीच फोटोत येत नाही, कारण फोटो वरून काढलेला असतो आणि वरून रोजची पाठही काळीच दिसते. म्हणून बाजूने, फुलपाखराच्या उंचीवर मोबाइल आणून टिपा. सकाळी ऊन चढण्याआधी ती पंख पसरून शेकत बसतात, तेव्हा जवळ जाता येतं. दुपारी घाणेरीवर किंवा पेंटासवर मध पितानाही त्यांचे पंख थरथरत राहतात आणि फोटो हलतो. उडण्यातही फरक आहे. 'रोज' फुलपाखरू संथ, बेफिकीर उडतं. मॉर्मनला हुसकावलं की ती वेडीवाकडी पळते.

'रोज'च्या या बेफिकिरीला कारण आहे. तिच्या अळ्या सापसंदाच्या कुळातल्या वेली खातात, त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल अंगात साठवतात, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा तसल्या फुलपाखराच्या वाटेला जात नाही. कढीपत्ता आणि लिंबावर वाढलेल्या मॉर्मनच्या अंगात हे विष नाही. ती नुसता वेष उसना घेते. अशा नकलेचा सिद्धांत इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्सने 1862 मध्ये मांडला, आणि हे वेगळे दिसणारे वेष एकाच जातीच्या माद्यांचे आहेत हे त्याचा सहकारी आल्फ्रेड वॉलेसने 1865 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवलं.

आता खरी मौज. पांढरा डाग, लाल चंद्रकोरी, नाहीसा झालेला पिवळसर पट्टा: इतके बदल एकदम होतात. अर्धा रोज आणि अर्धा मॉर्मन असा मधलाच वेष सहसा दिसत नाही. विसाव्या शतकातल्या संकर-प्रयोगांनी दाखवलं की हा सगळा वेष एकाच घटकासारखा वारशाने जातो. तेव्हाचा तर्क असा की बरीच जनुकं शेजारी शेजारी चिकटून बसलेली असावीत, म्हणून त्याला 'सुपरजीन' म्हटलं गेलं. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधले कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठातले मार्कस क्रोनफोर्स्ट यांच्या गटाने 2014 मध्ये उत्तर दिलं: सूत्रं एकाच जनुकाच्या हाती आहेत, आणि ते आहे 'डबलसेक्स'.

हे जनुक कीटकांमध्ये नर-मादीचा फरक घडवतं. त्याचा संदेश नराच्या शरीरात एका प्रकारे आणि मादीच्या शरीरात दुसऱ्या प्रकारे कापून जोडला जातो, त्यामुळे एकाच जनुकातून दोन वेगळी प्रथिनं बनतात. कॉमन मॉर्मनमध्ये या जनुकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. नकलेच्या आवृत्तीला आपण 'न' म्हणू आणि साध्या आवृत्तीला 'स'. 'न' प्रभावी आहे, म्हणजे तिची एकच प्रत असली तरी पुरते. मादीत ती असली की कोषातल्या कोवळ्या पंखावर तिची पातळी वाढते आणि रंगाची पुढची यंत्रणा वेगळ्या वाटेने चालू होते. नरात तीच आवृत्ती असूनही तो पट्टेवालाच राहतो. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये कोषाच्या पंखात ही 'न' आवृत्ती दाबून टाकली, तेव्हा नकलेच्या नक्षीच्या जागी नरासारखा पट्टा उमटला.

आवृत्त्या एकमेकींत मिसळत का नाहीत? कॉमन रोजची नक्कल करणाऱ्या मादीत डबलसेक्सभोवतीचा डीएनएच्या सुमारे 1 लाख 30 हजार अक्षरांचा तुकडा गुणसूत्रात उलटा बसलेला आहे. सुलटा आणि उलटा तुकडा समोरासमोर नीट जुळत नाहीत, म्हणून जनन-पेशी बनताना त्यांची देवाणघेवाण होत नाही. संच अख्खाच्या अख्खा पुढे जातो.

यातून एक गणित सुटतं. 'नस' (एक प्रत 'न', एक 'स') मादी आणि 'सस' (दोन्ही 'स') नर यांच्या निम्म्या मुली लाल चंद्रकोरींच्या, निम्म्या पट्ट्याच्या, आणि मुलगे सगळे पट्ट्याचे. त्याहून गंमत म्हणजे आई 'सस' आणि बाप 'नस' असेल, तर आईबाप दोघेही पट्टेवाले असून निम्म्या मुली चंद्रकोरी घेऊन निघतील!

हे घरी पडताळता येतं. मादी कढीपत्त्याच्या कोवळ्या पानाला पुढच्या पायांनी टकटक करून चव घेते आणि एकेकच फिकट पिवळं, मोहरीएवढं अंडं घालते. तिच्यावर नजर ठेवून ती पानं डहाळीसकट आणा आणि डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचा. बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या बुडून मरतात. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या कातीनंतर हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून लाल शिंग काढून उग्र वास सोडते. ते शिंग टोचत नाही. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर कीटकनाशक असू शकतं. डबा घट्ट बंद ठेवलात तर ओल धरून बुरशी लागते, म्हणून वर जाळी बांधा. बाहेरून आणलेल्या मोठ्या अळीच्या कोषातून कधी कधी फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या कुळातला परजीवी निघतो, म्हणून अंड्यापासूनच सुरुवात करावी. आणि कोषाखाली किमान बोटभर जागा मोकळी हवी. बाहेर आल्यावर पंख लोंबते राहिले नाहीत तर ते चुरगळलेलेच वाळतात, आणि हे व्यंग पुढे सुधारत नाही.

पंखाची पूड डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो, ही भीती मुलांच्या मनात अजूनही घातली जाते. ती पूड म्हणजे कायटिनचे (कीटकांचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचे) चपटे खवले, साधारण एक दशांश मिलिमीटर लांबीचे. डोळ्यात गेले तर कुठल्याही धुळीसारखे खुपतील, पाण्याने धुवावेत. 'रोज'चं विषही खाणाऱ्यासाठी असतं, बघणाऱ्यासाठी नव्हे. तरी पंख चिमटीत धरू नये, कारण गळलेले खवले पुन्हा येत नाहीत. बागेत दिसणारी 'फिकट, वेगळ्या रंगाची' बरीच फुलपाखरं ही खवले झडलेली म्हातारी फुलपाखरंच असतात.

मेलेली मॉर्मन सापडली तर अंधारात तिच्या पंखावर अतिनील टॉर्च मारून बघा, नोटा तपासायला वापरतात तसला. नराचा फिकट पिवळा पट्टा चमकतो. नकल्या मादीचा पांढरा डाग चमकत नाही, आणि खऱ्या रोजचाही नाही. डोळ्यांना जवळपास सारखे वाटणारे हे दोन फिकट रंग रसायनाने वेगळे आहेत, आणि सोंग त्या रसायनापर्यंत पोहोचलेलं आहे.

केशरी फुलपाखराबाबत असाच 'खरं की सोंग' असा संशय आला, तर मागच्या पंखाच्या मध्यावरचे काळे ठिपके मोजा. तीन-चार असतील तर तो रुईवर वाढणारा प्लेन टायगर. मध्यावर एकही नसून वरच्या कडेला एकच डाग असेल, तर ती घोळाच्या भाजीवर वाढलेली डॅनेइड एगफ्लायची मादी. तिचा नर जवळपासच उडत असेल. तो काळा असतो, जांभळी झाक असलेल्या मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि त्या दोघांना एका जातीचे मानायला डोळे चटकन तयार होत नाहीत.