मध्ययुगीन पुरातत्त्व : नागपूर परिसर

मध्ययुगीन पुरातत्त्व : जमिनीतले अवशेष आणि लिखित साधने एकमेकांशी ताडून मध्ययुगाचा अभ्यास करण्याची पद्धत. या काळाचे ताम्रपट, शिलालेख, पोथ्या, फारसी तवारिखा आणि मोडी दफ्तरे उपलब्ध आहेत. पण ती बहुतेक राजे, देवस्थाने आणि इनामे यांच्यापुरतीच बोलतात. सामान्य माणसाचा संसार सापडतो तो गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या थरांत : राखाडी माती, झिलईची खापरे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जळके धान्य. जुन्या उत्खननांत हे वरचे थर खालच्या ‘प्राचीन’ थरांकडे जाण्याच्या घाईत पुष्कळदा उपसून टाकले गेले. ते नुकसान भरून येण्यासारखे नाही.

दोन्ही साधने ताडायची कशी, हे नागपूरकर अभ्यासकांना विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याच्या अभ्यासाने शिकवले. काळ मध्ययुगाच्या उंबरठ्याआधीचा, पण धडा पुढेही लागू पडतो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे अनेक ताम्रपट ‘प्रवरपूर’ येथून दिलेले आहेत. नागपूरचे थोर पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांनी हे नगर म्हणजे वर्धेजवळचे पवनार असे मांडले, आणि ते मत दीर्घकाळ मान्य राहिले. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननात ‘प्रवरेश्वर’ देवाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आणि अनेक अभ्यासकांचा कौल मनसरकडे वळला. यात मिराशींचे ताम्रपटवाचन चुकले नव्हते. गावाची ओळख पटवणारी वस्तू तोवर मातीखाली होती. रामटेकजवळच्याच नगरधनचे याच्या उलट झाले. ताम्रपटांतले वाकाटकांचे नगर नंदिवर्धन ते हेच, असा तर्क आधीपासून होता; अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीची मुद्रा सापडली आणि त्या तर्काला बळ आले.

यादवकाळासाठी रामटेकची टेकडी हे उत्तम उदाहरण. लक्ष्मणाच्या देवळातला रामचंद्रदेव यादवाच्या काळचा शिलालेख झिजलेला आहे, तरी त्यात टेकडीची सिंदूरगिरी, तपोगिरी ही नावे आणि आसपासची तीर्थे येतात. लेख हातात धरून टेकडी चढली की तेराव्या शतकातला यात्रेकरू कुठे थांबत असेल याचा अंदाज बांधता येतो. महानुभावांचे साहित्यही येथे मोलाचे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी रामयात्रेच्या, म्हणजे रामटेकच्या यात्रेच्या, निमित्ताने घर सोडून निघाले, अशी परंपरा आहे. ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या मुक्कामांच्या आठवणी आहेत, तर ‘स्थानपोथी’ देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, ओटा कुठे, हे सांगते. भक्तांनी पूजनीय जागा विसरू नयेत म्हणून केलेली ही नोंद पाहणी करणाऱ्याला नकाशासारखी उपयोगी पडते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी हे दोन्ही ग्रंथ संपादित केले.

लोकस्मृती मात्र जपून वापरावी लागते. विदर्भात चुन्याविना दगड बसवलेले कोणतेही जुने देऊळ ‘हेमाडपंती’ ठरते. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. पण अंबरनाथचे तशाच घडणीचे देऊळ तेथील लेखानुसार शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. तेव्हा या नावावरून देवळाचा काळ ठरवता येत नाही. तो शिल्प, मांडणी आणि लेख पाहूनच ठरवावा.

गोंडकाळात पारडे उलटे होते. देवगडच्या गोंड राजा जाटबाचा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त आहे, पण गोंडांची स्वतःची लेखी साधने फार थोडी, म्हणून किल्ले, तलाव आणि नाणी हीच मुख्य साक्ष. देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या मिळून नागपूर वसवले, चांद सुलतानाने तेथे राजधानी आणली, कोट आणि जुम्मा तलाव बांधला. भोसल्यांच्या काळापासून मोडी कागद वाढतात आणि अभ्यासकाचे लक्ष दफ्तराकडे वळते. पण महाल भागातल्या घरांखाली त्या बारा वाड्यांची पांढर असणारच. तेथे नव्या इमारतीचा पाया खणताना निघणारी खापरे कोणत्या खोलीवर मिळाली एवढे जरी टिपून ठेवले, तरी दफ्तराआधीच्या नागपूरची पहिली पाने हाती लागतील.