पूर आणि तुंबलेले पाणी: पालिकेने कधी काय करायचे

पणजीत १८ जून मार्गावर गुडघाभर पाणी साचले की मोबाईलवर ‘पणजीत पूर’ असे संदेश फिरू लागतात, आणि उत्तर गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारपेठेत वाळवंटी नदीचे पाणी शिरले तरी शब्द तोच वापरला जातो. साखळीतल्याला पूर म्हणायचे आणि पणजीतल्याला तुंबणे, हा केवळ भाषेचा काटेकोरपणा नव्हे. पालिकेने आधी माणसे हलवायची की गटाराचे तोंड मोकळे करायचे, हे त्यावरूनच ठरते.

पूर नदीचा असतो आणि तो बहुधा दुसरीकडच्या पावसाने येतो. वाळवंटीला सत्तरी तालुक्यातल्या डोंगरातले आणि अंजुणे धरणाकडचे पाणी मिळते, त्यामुळे साखळीत पाऊस थांबल्यावरही पात्र चढत राहू शकते. तिळारीचे धरण महाराष्ट्रात दोडामार्गाकडे आहे, पण त्यातून सोडलेल्या पाण्याची झळ गोव्यात साळ, इब्रामपूरसारख्या गावांना बसते. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी आणि डिचोलीत घरे पडली, ती याच प्रकारच्या पाण्याने. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा म्हटले होते. अशा वेळी पालिकेला नदी अडवता येत नाही. तिच्या हाती असतात ते वरच्या भागातून इशारा आल्यापासून पाणी येईपर्यंतचे काही तास, आणि ते बाजारातल्या दुकानदारांना माल वर चढवायला सांगण्यात, वृद्धांना व आजाऱ्यांना आधी हलवण्यात आणि शाळा उघडून देण्यात खर्च व्हायला हवेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आणि पालिका त्यांच्या निर्देशांप्रमाणे काम करते.

तुंबणे मात्र शहराचे स्वतःचे असते. गटाराला पेलवत नाही इतक्या वेगाने पाऊस पडला, किंवा गटारात प्लास्टिक, फांद्या आणि बांधकामाची माती अडकली, की अर्ध्या तासात रस्ता भरतो आणि पाऊस ओसरला की उतरू लागतो. इथे दोष ढगावर टाकणे सोपे आहे, पण मे महिन्यातला गटारउपसा वेळेवर झाला का, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. पाणी लवकर जावे म्हणून कोणी रस्त्यावरच्या चेंबरचे झाकण उचलू नये. गढूळ पाण्याखालचे उघडे भोक दिसत नाही आणि तिथेच माणूस जातो.

घोटाळा होतो तो या दोन्हींच्या सीमेवर. सांतिनेझचा नाला आणि मळ्याकडची खाडी यांतून पणजीचे पाणी मांडवी नदीत जाते, परंतु सुमारे साडेबारा तासांनी येणारी भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आले, तर मांडवीचे पाणीच उलट आत रेटते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारे सांभाळणाऱ्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: भरतीला दार मिटायचे, ओहोटीला उघडायचे. नदीकाठी भिंत घातलेल्या बाजारपेठेत हाच पेच येतो. नदी चढली की नाल्याचे दार बंद करावे लागते, आणि दार बंद केले की गावात पडलेला पाऊस गावातच अडकतो. साखळीत जलस्रोत खात्याचे पंप याचसाठी चालवावे लागतात. अशा वेळी वीज गेली तर पंपाला जनरेटर आणि डिझेल आहे की नाही, हे पालिकेने आधीच पाहून ठेवलेले बरे.

दारात आलेले पाणी कोणते, हे थोडे निरखले तर कळते. नदीचे पाणी लालसर, गाळाचे असते, एका दिशेने सरकते आणि पाऊस नसतानाही पायरी-पायरीने वर येते. तुंबलेले पाणी काळपट असते, त्यावर बाटल्या एका जागी घोळत राहतात. पहिल्या पाण्यातून वाट काढू नये. ११२ किंवा अग्निशामक दलाचा १०१ क्रमांक लावावा. दुसऱ्यात पालिकेला नेमके ठिकाण कळवले तर उपयोग होतो.

पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो, म्हणून भिंतीवरची गाळाची रेषा धुण्याआधी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. बुडालेल्या विहिरीतले पाणी उपसून तिचे निर्जंतुकीकरण झाल्याशिवाय ते पिऊ नये, आणि पाणी कोणत्याही प्रकारचे असो, पायाला जखम असताना त्यातून चाललेल्या माणसाला ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी.