प्निक्स टेकडीवरचे वक्ते आणि त्यांना घातलेला लगाम

वक्तृत्व म्हणजे गोड बोलून लोकांना गुंडाळणे, हा आक्षेप लोकशाहीइतकाच जुना आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये निर्णय प्रतिनिधी घेत नसत. प्निक्स टेकडीवर जमलेले नागरिक हात वर करून ते घेत. (नागरिक म्हणजे फक्त प्रौढ पुरुष; स्त्रिया, गुलाम आणि परके बाहेर.) दवंडीवाला विचारी, ‘कोणाला बोलायचे आहे?’ न्यायालयात तर वकीलच नव्हता. वादी-प्रतिवादींनी शेकडो पंचांसमोर स्वतः उभे राहायचे, आणि वेळ पाण्याच्या घड्याळावर. अथेन्सच्या आगोराच्या, म्हणजे बाजारचौकाच्या, उत्खननात असे एक मातीचे भांडे सापडले. त्यात सुमारे 6.4 लिटर पाणी मावते आणि ते साधारण सहा मिनिटांत गळून जाते. ठरवून दिलेल्या पाण्यात बाजू मांडता आली नाही, तर दावा गेला. सोफिस्टांच्या, म्हणजे पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणाऱ्यांच्या, शिकवण्या आणि भाषणे लिहून देणाऱ्यांचा धंदा यावरच चालला.

इ. स. पू. 427 मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या मिटिलीनी शहरातल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचे, असे सभेने ठरवले, तो हुकूम घेऊन जहाजही सुटले. दुसऱ्या दिवशी फेरविचार झाला. फेरविचाराला विरोध करत क्लिऑनने लोकांनाच झापले: तुम्ही भाषणे तमाशा बघावा तशी ऐकता. (सांगणारा स्वतःच त्या काळी सभेवर सर्वाधिक छाप असलेला वक्ता!) त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्या डायोडोटसने दयेची याचना केली नाही, हिशेब मांडला: शरण येऊनही मरणच असेल, तर पुढचे बंडखोर शहर शेवटपर्यंत लढेल. तो थोडक्या मतांनी जिंकला आणि दुसरे जहाज ऐन वेळी पोचले. ही भाषणे इतिहासकार थ्युसिडिडीसने शब्दशः उतरवलेली नाहीत, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. तरी डायोडोटसची एक तक्रार नेमकी आहे: सल्ला फसला की शिक्षा सल्ला देणाऱ्याला, मत देणारे मोकळे.

पुढे हाच न्याय ‘ग्राफी परानोमोन’ या खटल्यात दिसतो. ठराव कायद्याविरुद्ध आहे, असे कोणाही नागरिकाने शपथेवर म्हटले की ठराव थांबे आणि मांडणाऱ्यावर खटला चाले. तीनदा दोषी ठरला, की त्याचा ठराव मांडण्याचा हक्क जाई.

पण हा लगाम धरायचा कोणी? इ. स. पू. 406 मध्ये अथेन्सने आर्गिनुसाईची समुद्री लढाई जिंकली, मात्र वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही. त्याबद्दल आठ सेनापतींचा निकाल एकाच मतदानात लावावा, असा ठराव कॅलिक्सिनसच्या नावावर आला. युरिप्टोलेमसने तो बेकायदा असल्याचा आक्षेप घेतला. लोकांना हवे ते करू न देणे हेच भयंकर, असा गलका झाला. आक्षेप घेणाऱ्यांनाही सेनापतींच्याच मतदानात गोवण्याची धमकी आली आणि आक्षेप मागे घ्यावा लागला. हाती असलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. थोड्याच काळात लोक पस्तावले आणि त्यांनी कॅलिक्सिनसवर जनतेला फसवल्याचा आरोप ठेवला. हात वर करणाऱ्या कोणावरही तो ठेवला गेला नाही.