फंक्शन कळांची पार्श्वभूमी: एफ१ ते एफ४ लाच अडचण का येते

जळगाव-धुळ्याकडच्या ज्या जिनिंग कारखान्यांत किंवा पतसंस्थांत हिशेबाची जुनी, केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारी प्रणाली लिनक्स सर्व्हरवर आणून बसवली गेली, तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. एफ५ पासून पुढच्या कळा बिनबोभाट चालतात, पण एफ१ दाबली की रकमेच्या रकान्यात ‘११~’ उमटते. कीबोर्ड बदलून हा दोष जात नाही, कारण त्याचे मूळ जुन्या टर्मिनलांच्या, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्ड संचांच्या, रचनेत आहे.

१९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलवर आकड्यांच्या पट्टीत पीएफ१ ते पीएफ४ अशा चारच कळा होत्या आणि त्या एस्केप या नियंत्रण-चिन्हापाठोपाठ ‘ओ’ व अनुक्रमे पी, क्यू, आर, एस ही अक्षरे पाठवत. १९८३ च्या व्हीटी२२० वर कळांची लांब ओळ आली. मात्र तिच्यातल्या पहिल्या पाच कळा पडदा थांबवणे, छपाई, मांडणी अशा टर्मिनलच्या स्वतःच्या कामांसाठी राखीव होत्या. पुढच्या कळा एस्केप, चौकटी कंस, एक क्रमांक आणि ‘~’ असा संकेत पाठवत. हे क्रमांक असे: एफ६ ला १७, एफ१० ला २१, एफ११ ला २३. मधला २२ वगळलेला आहे आणि कीबोर्डवरही नेमकी तेथेच मोकळी जागा होती.

खरा वाद पुढचा आहे. एक्सटर्म या एम्युलेटरने, म्हणजे खिडकीत टर्मिनलचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमने, आरंभी एफ१ ते एफ४ ला ११ ते १४ हे क्रमांक दिले होते. कोणतेही प्रत्यक्ष टर्मिनल असे संकेत पाठवत नाही, या कारणाने ते नंतर मागे पडले आणि त्यांच्या जागी पीएफ कळांचे संकेत आले. युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्याची किंमत चालू प्रणाली वापरणाऱ्यांना मोजावी लागली. कोणत्या टर्मिनलची कळ कोणता संकेत पाठवते हे सांगणारी सर्व्हरवरची सूची म्हणजे टर्मिन्फो. तिच्यातली एक्सटर्मची नोंद नव्या संकेतांची झाली, तर स्वतःला एक्सटर्म म्हणवणारे काही एम्युलेटर जुनेच संकेत पाठवत राहिले. विंडोजवरून सर्व्हरला जोडण्यासाठी वापरला जाणारा पुट्टी हा एम्युलेटर मूळ मांडणीत नाव ‘एक्सटर्म’ सांगतो आणि एफ१ साठी ११ पाठवतो. कीबोर्डच्या मांडणीत ‘एक्सटर्म आर६’ निवडले की दोन्ही बाजू जुळतात.

तपासणीसाठी सर्व्हरवर ‘कॅट -व्ही’ ही न दिसणारी चिन्हे दाखवणारी आज्ञा चालवून एफ१ दाबावी. टोपीचे चिन्ह आणि चौकटी कंस (‘^[’, म्हणजे एस्केप) यांच्यानंतर ‘ओपी’ दिसले तर संकेत नवा, ‘[११~’ दिसले तर जुना. सर्व्हरची अपेक्षा टर्मिन्फोची नोंद दाखवणाऱ्या ‘इन्फोसीएमपी’ या आज्ञेच्या उत्तरात ‘केएफ१’ पुढे वाचता येते.

पुष्कळ ठिकाणी शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ‘बॅशआरसी’ फाईलमध्ये टर्म या, टर्मिनलचे नाव सांगणाऱ्या चलाची किंमत सक्तीने लिहून टाकतात. हा उपाय टाळलाच पाहिजे, कारण एकाच खिडकीत अनेक सत्रे चालवणाऱ्या टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्रॅमच्या आत टर्मिनल वेगळे असते आणि तेथे या सक्तीने चालणाऱ्या कळाही बंद पडतात. दुरुस्ती एम्युलेटरच्या मांडणीतच करावी. ‘कॅट -व्ही’मध्ये एफ१० चे काहीच उमटले नाही, तर मात्र प्रश्न संकेताचा नसतो, ग्नोम टर्मिनलसारखे एम्युलेटर ती कळ मेनू उघडण्यासाठी स्वतःकडे ठेवतात आणि तो शॉर्टकट पसंतीक्रमात बंद करता येतो.