लोकाधारित प्रवाळभित्ती संवर्धन व सागरी शिक्षण

प्रवाळभित्तीवर उदरनिर्वाह करणाऱ्या किनारी समाजांनी तिच्या वापराचे नियम स्वतः ठरवणे, त्यांची राखण स्वतः करणे आणि भित्तीच्या प्रकृतीची मोजदादही स्वतः ठेवणे, या पद्धतीला लोकाधारित प्रवाळभित्ती संवर्धन म्हणतात. सागरी शिक्षण हा तिचाच भाग आहे.

प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही व्यापलेला नाही. तरी सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आसऱ्याला येतात. लाटांचा जोर भित्तीवर ओसरतो, म्हणून मागचा किनारा टिकतो. भित्ती बांधणारे प्रवाळ हे प्राणी असून त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न पुरवतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने जरी काही आठवडे जास्त राहिले, तरी ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. सुरुंगाची मासेमारी, मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड विषाचा वापर, बोटींचे नांगर, गाळ, सांडपाणी आणि अतिमासेमारी हे घाव मात्र बहुधा जवळपासच्याच माणसांकडून होतात. ते तिथल्या तिथे थांबवता येतात, आणि या पद्धतीचे बळ यातच आहे.

भित्तीचा एखादा भाग काही काळ बंद ठेवण्याची रीत जुनी आहे. फिजीतील ‘ताबू’, पलाऊतील ‘बूल’ आणि इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवरील ‘सासी’ ही तिची रूपे. वसाहतींच्या व पुढे केंद्रीय सत्तेच्या काळात अनेक ठिकाणी समुद्रावरचा गावाचा अधिकार दुबळा झाला आणि बाहेरच्या बोटींना वाट मोकळी झाली. आजच्या प्रयत्नांचा मोठा भाग हा अधिकार परत मिळवण्याचाच आहे.

सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण फिलिपीन्सचे. सिलिमन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ आंगेल आल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोन बेटाजवळ भित्तीचा एक भाग मासेमारीला बंद झाला. पुढे शेजारच्या आपो बेटावरील मच्छीमारांना सुमिलोनची मासळी प्रत्यक्ष दाखवण्यात आली, आणि १९८२ मध्ये त्यांनी आपल्या भित्तीचा सुमारे एक दशांश भाग राखीव केला. राखणीची जबाबदारी बेटावरच्या कुटुंबांनी घेतली. सुमिलोनची बंदी मात्र १९८४ मध्ये मोडली. भित्तीचा जास्त भाग मासेमारीला खुला झाला म्हणजे मासळी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षांतच तेथील मासळीचे एकूण उत्पादन जवळपास निम्म्यावर आले. राखीव भागातून मासे बाहेर येतात आणि आसपासच्या मच्छीमारांचे पोट भरतात, याचा इतका स्पष्ट पुरावा दुर्मिळ आहे. आपोची राखण टिकली, कारण तिथला निर्णय बेटावरच्यांचा होता. आल्काला यांना १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

फिजीतील उकुनिवानुआ गावाने १९९७ मध्ये शिंपल्यांसाठी समुद्रगवताचा एक पट्टा बंद केला. शिंपले मोजायला गावकरीच शिकले. वाढ स्वतःच्या मोजणीतून दिसल्यावर ही रीत इतर गावांत आणि भित्तींवर पसरली. मादागास्करच्या आंदावादुआका येथे २००४ मध्ये ऑक्टोपसच्या शिकारीला काही महिन्यांची बंदी घालण्यात आली. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढत असल्याने फायदा लगेच दिसला; त्यातूनच पुढे अनेक गावांचे मिळून वेलोंद्रियाके हे संरक्षित क्षेत्र उभे राहिले. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे ग्रामस्थांच्या आग्रहाने १९९५ मध्ये सागरी उद्यान झाले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले गेले.

सागरी शिक्षण म्हणजे भिंतीवरचे तक्ते नव्हेत. किनाऱ्यावर वाढलेल्या अनेक मुलांनी भित्ती पाण्याखालून कधीच पाहिलेली नसते. झांझिबारजवळच्या चुंबे बेटावर शाळकरी मुलांना पाण्याखाली पाहण्याचा मुखवटा लावून थेट भित्तीवर नेले जाते, आणि पूर्वीचे मच्छीमार तेथे रक्षक व मार्गदर्शक म्हणून काम करतात. १९९७ पासून ‘रीफ चेक’ या भित्ती-पाहणी उपक्रमाच्या पद्धतीने प्रशिक्षित स्वयंसेवक ठराविक जातींची मोजणी करतात. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ने २००२ पासून रंगपट्टी वापरात आणली, प्रवाळाचा रंग पट्टीशी ताडून विरंजन किती झाले हे शाळकरी मूलही नोंदवू शकते. वयस्क मच्छीमारांना माशांच्या विणीच्या जागा, भरती-ओहोटी आणि चंद्राच्या तिथी यांचे जे ज्ञान असते, तेही अभ्यासक्रमात यायला हवे. ते वगळून केलेले शिक्षण एकतर्फी राहते.

शिक्षण अधिकाराची जागा घेऊ शकत नाही. ज्या गावाला बाहेरची बोट अडवता येत नाही, तेथे जागृतीने फारसे साधत नाही. फिलिपीन्समध्ये १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने किनाऱ्यालगतचा समुद्र पालिकांच्या अखत्यारीत आला, म्हणून तेथे छोटी राखीव क्षेत्रे शेकड्यांनी होऊ शकली. बंदीच्या काळात चूल कशी पेटायची, हा प्रश्नही सोडवावा लागतो. पर्यटनाचे उत्पन्न आधार देते; परंतु ते मोजक्यांच्याच हाती गेले तर राखणारे पाठ फिरवतात.

तापणाऱ्या पाण्याला गावाची हद्द अडवू शकत नाही. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ नंतरचे चौथे जागतिक विरंजन एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. अशा वेळी स्थानिक राखणीचा उपयोग विरंजनानंतर होतो. पोपटमासे व इतर शाकाहारी मासे शिल्लक असले तर ते खडकावरचे शेवाळ खातात आणि प्रवाळांच्या नव्या अळ्यांना बसायला जागा मिळते. प्रवाळांचे तुकडे वाढवून लावण्याचे काम लोकांना भित्तीशी जोडते, पण ते खर्चिक आहे आणि उष्णतेपुढे तेही तोकडे पडते. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्रातील रोपवाटिकांमधले प्रवाळ जगवण्यासाठी जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले.